अजगराचं पिल्लू घरी आणलंय? आधी झाकण लावा

नवीन पिल्लू घेतलेल्या माणसाचा फोन साधारण तिसऱ्या दिवशी येतो. "सारखं लपूनच बसतंय. बाहेर येत नाही, खात नाही. आजारी असेल का हो?" मी विचारतो, आज कितीदा झाकण उघडून बघितलंत? पलीकडे जरा शांतता. मग उत्तर येतं, पाच-सहा वेळा. दुपारी मित्र आले होते, त्यांना दाखवलं. रात्री झोपताना एकदा हातात घेतलं, सवय व्हावी म्हणून.

पिल्लू आजारी नसतं, घाबरलेलं असतं. सत्तर-ऐंशी ग्रॅमचा जीव तो. रानात त्याला पक्षी, मुंगूस, मोठे साप, कुणीही खाऊ शकतं. वरून येणारा हात म्हणजे त्याच्या लेखी झडपच. अजगर पाळण्यातलं निम्म्याहून जास्त काम पिल्लू घरात येण्याआधी उरकायचं असतं आणि उरलेल्यातलं बरंचसं काम म्हणजे आपले हात आवरणं. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत.

पहिला अजगर कोणता घ्यायचा

मी इथे बॉल पायथन धरून चाललोय, कारण नवख्या माणसाला झेपेल असा अजगर हाच. शास्त्रीय नाव पायथन रेजियस. काही देशांत त्याला रॉयल पायथन म्हणतात. मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, सेनेगलपासून युगांडापर्यंतच्या गवताळ पट्ट्यातला. घाबरला की डोकं मधोमध लपवून चेंडूसारखं घट्ट वेटोळं करतो, म्हणून 'बॉल'. पूर्ण वाढलेली मादी साधारण सव्वा ते दीड मीटर, नर त्याहून लहान, बहुधा मीटरभर. एकट्या माणसाला सांभाळता येतो.

बर्मीज किंवा रेटिक्युलेटेड पायथनच्या पिल्लावर जीव जडला असेल तर तो काढून घ्या. बर्मीज चार-पाच मीटरपर्यंत जातो आणि रेटिक्युलेटेड हा तर जगातला सगळ्यात लांब साप. पिल्लू असताना सगळेच गोड दिसतात.

दोन गोष्टी पैसे देण्याआधी करायच्या. पहिली, तुम्ही राहता तिथला वन्यजीव कायदा वाचायचा. बॉल पायथन 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे देशाबाहेरून आणायचा तर कागदपत्रं लागतात. त्यावर प्रत्येक ठिकाणचे नोंदणीचे, परवान्याचे नियम वेगळे. विकणारा "कागदाचं काही लागत नाही" म्हणाला तर तिथूनच मागे फिरा. रानातून पकडलेलं पिल्लू तर घ्यायचंच नाही. कायदा बाजूला ठेवला तरी असं पिल्लू बहुधा जंतांनी आणि गोचिडांनी भरलेलं असतं, आणि खायला महिनोन् महिने नाकारतं.

दुसरी गोष्ट म्हणजे हिशेब वर्षांचा करायचा. पिंजऱ्यात जन्मलेला बॉल पायथन २० ते ३० वर्षं सहज जगतो. अमेरिकेतल्या सेंट लुइस प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीने २०२० साली सात अंडी घातली, तेव्हा तिचं वय किमान ६२ असावं असं तिथल्या लोकांनी सांगितलं. त्याआधी पंधराहून जास्त वर्षं ती नराच्या जवळही गेली नव्हती, ते वेगळंच. तुम्ही विशीत असाल तर लग्न, नोकरी, घर बदलणं या सगळ्यात हा साप तुमच्याबरोबर येणार आहे.

पिल्लू निवडताना

विकणाऱ्याला एकच प्रश्न नीट विचारा: हे काय खातं, आणि शेवटचं कधी खाल्लं? चांगला ब्रीडर, म्हणजे पिल्लं पैदा करून विकणारा, लगेच वही काढतो. तारीख, उंदराचा आकार, जिवंत की फ्रोजन, कात कधी टाकली, वजन किती. सलग चार-पाच वेळा खाल्लेलं पिल्लू घ्या. जमलं तर तुमच्यासमोर खाऊ घालायला सांगा. त्यात लाजायचं कारण नाही.

मग पिल्लू हातात घेऊन बघा. अंग भरलेलं हवं, पाठीचा कणा धारेसारखा वर आलेला नको. तोंड मिटलेलं, नाकाशी बुडबुडे नाहीत, डोळे स्वच्छ, शेपटीखालची विष्ठेची जागा कोरडी. हनुवटीखाली आणि डोळ्यांच्या कडेला मिरीच्या भुकटीसारखे काळे ठिपके दिसले आणि ते हलले, तर त्या गोचिडी आहेत. पिल्लू बोटाला हलकेच विळखा घालून धरतं का आणि जीभ सतत आतबाहेर करतं का, तेही पाहा.

रंगांबद्दल एक सांगतो. बॉल पायथनचे शेकडो रंगप्रकार निघाले आहेत, त्यांना मॉर्फ म्हणतात. त्यातल्या 'स्पायडर' नावाच्या मॉर्फमध्ये जनुकातच दोष असतो. डोकं डुलतं, कधी सापाला वर-खाली कळेनासं होतं. कुणात कमी, कुणात फार. दिसायला सुंदर असला तरी पहिला साप म्हणून तो घेऊ नये, आणि माझं विचाराल तर दुसरा म्हणूनही नको.

घर

घर म्हणजे झाकणाचा टब किंवा टाकी. पिल्लाला तळाशी साधारण ६० बाय ४० सेंटिमीटर जागा सुरुवातीला पुरते. पुढे, पूर्ण वाढीच्या सापाला १२० बाय ६० लागेल, म्हणून थेट मोठंच घेतलं तरी चालतं. "मोठ्या टबात पिल्लू घाबरतं" असं बरेच जण सांगतात. पिल्लू मोठ्या जागेला घाबरत नाही, ते मोकळ्या जागेला घाबरतं. टब कितीही मोठा असू दे, तो सामानाने भरलेला हवा: पुठ्ठ्याच्या नळ्या, प्लॅस्टिकची पानं, एखादी आडवी फांदी. खालून वर बघितल्यावर आकाश दिसता कामा नये, असं समजा.

लपायच्या जागा दोन हव्यात. एक गरम बाजूला, एक थंड बाजूला, आणि दोन्ही दिसायला सारख्या. एकच असली तर पिल्लाला ऊब आणि सुरक्षितता यांतलं एक निवडावं लागतं, आणि ते सुरक्षितता निवडतं. मग गारठतं, पचन मंदावतं, खाणं सुटतं. लपायची जागा ऐसपैस नको. वेटोळं घातल्यावर अंग तिन्ही बाजूंना टेकलं पाहिजे. रानात हे साप उंदरांच्या बिळात आणि वाळवीच्या वारुळात दिवस काढतात, हे डोळ्यांसमोर ठेवा. पालथी घातलेली छोटी प्लॅस्टिकची कुंडी, एका बाजूला दार कापून कडा घासून घेतलेली, दुकानातल्या शोभेच्या गुहेपेक्षा बरी.

तळाला पहिले दोन-तीन महिने साधा टिश्यू पेपर किंवा छपाईचा कोरा कागद. दिसायला रुक्ष, पण विष्ठा, उलटी, गोचिडी सगळं लगेच कळतं. पिल्लू रुळलं की नारळाच्या सोडणाचा भुसा घाला. पाइन आणि देवदाराचा भुसा टाळा, त्यातलं सुगंधी तेल सापाच्या फुप्फुसाला बाधतं. वाळूही नको. पाण्याचं भांडं जड घ्या, नाहीतर रोज सकाळी तळ ओला आणि भांडं पालथं.

आणि कुलूप. झाकणावर पुस्तकं ठेवून भागत नाही. ज्या फटीतून डोकं जातं तिथून पिल्लाचं सगळं अंग जातं, आणि पिल्लाचं डोकं तुमच्या अंगठ्याच्या टोकाएवढं असतं.

गरमी: इथे चूक झाली तर बाकी सगळं व्यर्थ

साप स्वतःचं अंग गरम ठेवू शकत नाही, तो जागा बदलून तापमान निवडतो. म्हणून टबात तापमान एक नको, उतार हवा. गरम बाजूची जमीन ३१ ते ३२ अंश सेल्सिअस, थंड बाजू २५ ते २७. रात्री २४ पर्यंत उतरलं तर काळजी नाही. ३५ च्या वर टबात कुठेही फार वेळ राहिलं तर धोका.

ऊब द्यायला हीट मॅट (टबाखाली घालायची, विजेवर तापणारी चटई) किंवा वरून सिरॅमिकचा दिवा, दोन्ही चालतं. मॅट तळाच्या एक तृतीयांश भागाखालीच असावी. दिवा आत बसवला तर त्याला जाळी लागते, कारण साप त्याला विळखा घालून बसेल आणि भाजेल. विजेवर तापणारे 'हॉट रॉक' मिळतात, ते दुकानातच राहू द्या.

काहीही वापरा, थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरलेल्या तापमानाला वीज तोडणाऱ्या यंत्राशिवाय, प्लग लावायचा नाही. मॅट उघडीच चालू ठेवली तर ती सापाचं पोट भाजण्याइतकी तापते, आणि पोट भाजत असताना साप तिथून उठतोच असं नाही. सकाळी उचलून बघावं तर पोटाचे खवले लालभडक.

थर्मोस्टॅट लावला म्हणजे सुटलो, असंही नाही. माझा एक प्रोब, म्हणजे थर्मोस्टॅटची तापमान मोजणारी वायर, नुसता कागदाखाली सरकवून ठेवलेला होता. पिल्लाने रात्री ढोसून ढोसून तो थंड बाजूला, पाण्याच्या भांड्याला चिकटवून ठेवला. थर्मोस्टॅटला वाटलं गारठा पडलाय, त्याने मॅट थांबवलीच नाही. सकाळी गरम बाजूला हात लावला तर चटका बसला. पिल्लू सुदैवाने दुसऱ्या टोकाला होतं. तेव्हापासून प्रोब मॅट आणि टबाच्या तळाच्या मध्ये, बाहेरच्या बाजूने घट्ट बसवतो. आतली जमीन किती तापली ते वेगळ्या इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजतो आणि आतलं माप बरोबर येईपर्यंत आकडा वर-खाली करतो. टबाच्या आत चिकटपट्टी मात्र कधीच लावायची नाही. सापाच्या अंगाला चिकटली तर सोडवताना खवले निघतात.

खोलीच तापत असेल तर सगळं उलटं होतं. मग प्रश्न गरम बाजूचा उरत नाही, थंड बाजूचा होतो. मॅट बंद करा, टब जमिनीवर ठेवा, बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून टबाच्या बाहेरून थंड बाजूला टेकवा.

हवेतली आर्द्रता ५५ ते ६५ टक्के. कात टाकताना ७० च्या पुढे. ती वाढवायला सकाळ-संध्याकाळ फवारा मारत बसू नका, त्याने तासभर आकडा चढतो आणि पुन्हा पडतो. भुसा असेल तर एका कोपऱ्यात पाणी ओता, वरचा थर कोरडा राहू द्या. काचेच्या टाकीवर जाळीचं झाकण असेल तर निम्म्याहून जास्त जाळी झाका, दिव्याजवळचा भाग सोडून. दमट आणि ओलं यात फरक आहे. सतत ओल्या जमिनीवर बसलेल्या सापाच्या पोटाचे खवले सडतात. मोजायला डिजिटल मीटर घ्या. ते चिकटवायचे काटेवाले गोल मीटर स्वस्त असतात आणि भिंतीवर टांगलेल्या बंद घड्याळाइतकेच कामाचे.

हे सगळं मांडून झालं की टब रिकामाच आठवडाभर चालवा. सकाळ, दुपार, रात्र आकडे लिहा. सलग चार-पाच दिवस ते हलले नाहीत की मग पिल्लू आणा. उत्साहाच्या भरात सामान आणि साप एकाच दिवशी आणणारे बहुतेक जण पुढचा महिना तापमानाशी झगडण्यात घालवतात, तेही आत साप असताना.

पहिला आठवडा

पिल्लू कापडी पिशवीत येतं. पिशवी टबात ठेवायची, तोंड सोडायचं आणि झाकण लावायचं. ते आपणहून बाहेर येतं. टबाच्या तीन बाजूंवर कापड टाका. रोज पाणी बदला, तेही झटपट. घाण दिसली तर उचला. बाकी सात दिवस काहीच नाही. खाऊ नाही, हात नाही, मोबाइलचा फ्लॅश नाही.

हे साप रात्री हिंडतात. मध्यरात्री पाणी प्यायला उठलात आणि अंधारात टबातून कागदाची सुळसुळ ऐकू आली, तर समजा सगळं ठीक चाललंय. दिवसा बारा तास उजेड आणि रात्री पूर्ण काळोख, एवढंच त्याला हवं असतं. रात्रीसाठी लाल-निळे दिवे विकतात, त्यांची गरज नाही.

पहिलं जेवण

आठवड्यानंतर, संध्याकाळी. ब्रीडर जे देत होता तेच आणि तसंच. तो पांढरे उंदीर देत होता तर मोठ्या जातीच्या उंदरांची (रॅट) पिल्लं देऊन प्रयोग करायचा हा दिवस नव्हे. पुढे हळूहळू त्या जातीवर आणणं सोयीचं पडतं, कारण मोठ्या सापाला छोटा उंदीर पुरत नाही, पण ते नंतर. आकार सापाच्या अंगाच्या सगळ्यात जाड भागाएवढा किंवा किंचित जास्त, वजनात पाहिलं तर सापाच्या १० ते १५ टक्के. म्हणजे ८० ग्रॅमच्या पिल्लाला ८ ते १२ ग्रॅमचा उंदीर. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालेल, मात्र तो मग सापाचाच झाला.

मी फ्रोजन उंदीरच देतो. जिवंत उंदीर कोंडीत सापडला की चावतो, आणि त्याने डोळा फोडलेले, पाठ कुरतडलेले साप मी पाहिले आहेत. शिवाय उंदराच्या बाजूनेही ते क्रूर आहे. फ्रोजन उंदीर आदल्या रात्री पिशवीत बंद करून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. देण्याआधी अर्धा तास पिशवीसकट कढत पाण्यात बुडवा. उकळतं पाणी नको, त्याने पोट फुटतं. मायक्रोवेव्ह तर नाहीच, बाहेरून शिजतो आणि आत बर्फ. बाहेर काढून पुसा, डोक्याची बाजू ३८-४० अंशांपर्यंत आली पाहिजे. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात. कोमट उंदीर त्याला दिसतो, गार उंदीर म्हणजे एक वास मारणारा दगड.

लांब चिमट्याने उंदीर शेपटीकडून धरून लपायच्या जागेच्या तोंडाशी न्या आणि किंचित हलवा. नाकावर आपटू नका. आधी नुसती जीभ बाहेर येते, भराभर. मग जिभेचा वेग मंदावतो, मान मागे घेऊन इंग्रजी एस अक्षरासारखी वळते. इथे चिमटा स्थिर. पुढचं डोळ्यांना दिसत नाही, फक्त 'टप्' असा आवाज येतो आणि बघतो तो उंदराभोवती दोन-तीन विळखे. दोन-चार मिनिटं तसाच. मग विळखा सैल करून तो उंदीर नाकाने हुंगत हुंगत डोकं शोधतो, कधी चुकून शेपटीकडून सुरू करतो, सोडतो, पुन्हा शोधतो. एकदा डोकं तोंडात घेतलं की डावा जबडा, उजवा जबडा, असं एकेक पाऊल टाकत उंदरावरून चालत जातो. जबडा निखळतो वगैरे खोटं आहे. खालच्या जबड्याची दोन हाडं पुढे लवचीक स्नायुबंधाने जोडलेली असतात, म्हणून तोंड एवढं ताणतं. शेवटी तो दोन मोठ्या जांभया देतो, जबडे जागेवर बसवण्यासाठी. या सगळ्यात खोलीत कुणी बोलायचं नाही.

नाही खाल्लं तर? उंदीर लपायच्या जागेच्या दाराशी रात्रभर ठेवा. सकाळी तसाच असला तर टाकून द्या, पुन्हा फ्रीज करू नका. मग पाच-सात दिवस थांबा. रोज समोर धरत राहिलात तर त्याला त्या चिमट्याचीच धास्ती बसते. बॉल पायथन उपासाबद्दल बदनामच आहे, मोठे साप तर काही महिने खात नाहीत आणि ठणठणीत असतात. पिल्लाचं मात्र वजन आठवड्याला लिहा. घट १० टक्क्यांवर गेली तर डॉक्टर. त्याआधी तापमान, लपायच्या जागा आणि तुमचं सारखं डोकावणं, या तिन्ही गोष्टी तपासा. बहुधा उत्तर तिथेच असतं.

खाल्ल्यावर ४८ तास हात लावायचा नाही. नाहीतर उंदीर परत बाहेर येतो, आणि तो वास घरात दोन दिवस राहतो. उलटी झालीच तर पुढचं जेवण १० ते १४ दिवसांनी आणि आकाराने निम्मं. दोनदा झाली तर थेट डॉक्टर.

पिल्लाला दर सात दिवसांनी, ५०० ग्रॅमच्या आसपास गेलं की दहा-चौदा दिवसांनी, पूर्ण वाढल्यावर दोन ते चार आठवड्यांनी. खायला घालण्यासाठी वेगळ्या डब्यात हलवायची गरज नाही. "टबातच दिलं तर तो तुमच्या हातालाही खाऊ समजेल" हे ऐकायला पटतं, पण डब्यात नेण्या-आणण्यातच पिल्लू बिथरतं. दूधबिध पाजू नका. साप पाणी पितो.

हातात घेणं

दोन-तीन वेळा नीट खाल्लं की सुरुवात करा. आठवड्यातून दोनदा, दहा मिनिटं. हात वरून न नेता बाजूने न्या, आधी पाठीला पुठ्ठ्याच्या नळीने हलकेच स्पर्श करा. जेवणाच्या वेळी असा स्पर्श कधी होत नाही, त्यामुळे दोन-चार आठवड्यांत त्याला फरक कळतो. मग अंगाच्या मधोमध दोन्ही हात घालून उचला, डोकं धरू नका, मान तर नाहीच. जमिनीवर किंवा गादीवर बसून घ्या, म्हणजे पडला तरी उंचावरून पडणार नाही.

चेंडू करून बसला तर उलगडू नका. तळहातावर तसाच राहू द्या. पाचेक मिनिटांत एक नाक बाहेर येतं.

चावला तर? पिल्लाचे दात सुईसारखे, आत वळलेले, विष नाही. चावा बहुधा झटक्यात होऊन सुटतो, कागदाने कापल्याइतकं दुखतं. धरून ठेवलं तर ओढू नका, त्याचे दात तुटतात आणि तुमची कातडी फाटते. थंड पाण्याखाली धरा, सोडतो. साबणाने धुवा. चावल्याबरोबर त्याला टबात परत ठेवायची घाई मात्र करू नका. थोडा वेळ शांत बसा, मग ठेवा.

आधी हात धुवायचे ते उंदराचा वास जावा म्हणून, नंतर धुवायचे ते साल्मोनेलासाठी. निरोगी दिसणाऱ्या सापाच्या अंगावरही हे जिवाणू असतात. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बाई, आजारी माणूस यांच्या हातात साप देऊ नका आणि त्याचं भांडं स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नका.

कात

महिना-दीड महिन्याने पिल्लू एकदम मलूल दिसायला लागतं. रंग मळकट, पोट गुलाबीसर आणि डोळे दुधाळ निळे, म्हाताऱ्या माणसाच्या मोतीबिंदूसारखे. नवखे इथे घाबरतात. ही कातीची तयारी आहे. त्याला आता धड दिसत नाही, म्हणून चिडकं होतं, खातही नाही. हात लावू नका, आर्द्रता वाढवा, एका झाकणाच्या डब्याला भोक पाडून आत ओलं शेवाळ भरून ठेवा. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात. वाटतं, झालं. नाही झालं. त्यानंतर तीन-चार दिवसांनी एका रात्रीत कात पडते, नाकापासून सुरू होऊन मोज्यासारखी उलटी.

सकाळी ती कात टाकून देण्याआधी उजेडात धरा. डोक्याच्या टोकाला दोन बारीक गोल भिंगं दिसली पाहिजेत, डोळ्यांवरच्या टोप्या. शेपटीचं टोकही पुरं हवं. तिथे कात अडकली आणि दोन-तीनदा तशीच राहिली तर रक्त तुटून टोक काळं पडतं. तुकड्या-तुकड्यांनी निघाली असेल तर कोमट, ओल्या फडक्याच्या डब्यात अर्धा तास ठेवा आणि त्याला फडक्यातूनच सरकू द्या. डोळ्यावरची टोपी नखाने, चिमट्याने काढायची नाही. पुढच्या कातीबरोबर ती बहुधा निघते, नाही निघाली तर डॉक्टर काढतील.

स्वच्छता, आजार

विष्ठा जेवणानंतर काही दिवसांनी होते. तपकिरी भाग आणि खडूसारखा पांढरा, तो लघवीचा. लगेच उचला. महिन्याला सगळा टब रिकामा करून धुवा. फिनाईल आणि त्या वासाची जंतुनाशकं सापाला विषारी. एक भाग साधा ब्लीच, दहा भाग पाणी, दहा मिनिटं, मग भरपूर धुऊन वास पूर्ण जाईपर्यंत वाळवा.

सापांवर उपचार करणारा डॉक्टर आजच शोधून ठेवा, कारण कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक डॉक्टरला हे जमत नाही. तोंड उघडून श्वास, शिट्टीसारखा आवाज, नाकाशी बुडबुडे, मान सारखी वर ताणलेली, हिरड्यांवर चिकट पिवळा थर, उताणं पडल्यावर सरळ न होणं: यातलं काहीही दिसलं की थांबायचं नाही. साप आजार शेवटपर्यंत लपवतो. आपल्याला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. दिवसभर पाण्यात बसून राहिला तर भांड्याच्या तळाशी बघा, बुडालेल्या गोचिडी दिसतील. त्यावर कुत्र्याचा फवारा स्वतःच्या मनाने मारू नका. दुसरा साप घरात असेल तर नव्याला किमान दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवा आणि त्याचं काम सगळ्यात शेवटी करा.

आणि निसटलाच तर

कधी ना कधी होतं. पहिलं काम, खोलीचं दार बंद करून फटीत टॉवेल कोंबणं. कपडे धुण्याचं यंत्र, ओव्हन, घडी होणाऱ्या खुर्च्या, सोफा-कम-बेड यांना कुणी हात लावायचा नाही. पिल्लू लांब जात नाही. बहुधा ते टबापासून भिंतीच्या कडेकडेने दोन-तीन मीटरवर, उबदार आणि अरुंद जागी असतं: फ्रीजच्या मोटरमागे, पुस्तकांच्या मागच्या फटीत, गादीच्या शिवणीखाली. दिवसा सापडलं नाही तर रात्री दिवे मालवा, भिंतीच्या कडेने पिठाची पातळ रेघ ओढा आणि चुरगळलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या पसरून ठेवा. मग टॉर्च घेऊन गप्प बसा. पिशवी वाजली की तिकडे.

सापडल्यावर मिठी मारायचा मोह होतो. तसं न करता टबात ठेवा, पाणी भरा, फट कुठे होती ती शोधून बुजवा. आणि पुन्हा पहिल्यापासून: तीन बाजूंना कापड, सात दिवस झाकण बंद.